बॅकअपच्या डब्याची तपासणी : ‘दुरुस्त करा’ हे बटण दाबण्यापूर्वी

कापडाच्या धंद्यात एक साधा नियम आहे. गाठ बांधलेली आहे म्हणून आतला माल ठीक आहे, असे कोणी धरून चालत नाही. गाठ उघडायची, वरचा, मधला आणि तळचा ताका काढून उजेडात धरायचा, मोजायचा आणि मगच पावतीवर सही करायची. हा नियम आम्ही तीस वर्षे पाळत आलो. परंतु ज्या डब्यात आमच्या पेढीचे सारे दप्तर ठेवले होते, तो डबा मात्र आम्ही चार वर्षांत एकदाही उघडून पाहिला नाही. त्याची किंमत जून २०२३ मध्ये मोजावी लागली. ती हकीकत, आणि तिच्यातून जे शिकलो ते, व्यापारी व कारागीर बांधवांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहोत.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. मराठी आम्ही बाजारात शिकलो आणि संगणकाची भाषा पुतण्याकडून, तीही अर्धीमुर्धी. त्यामुळे वाचकांनी येथे इंजिनियरच्या भाषणाची अपेक्षा करू नये. जे आम्हाला समजले, तेच आम्ही दुकानाच्या भाषेत सांगणार आहोत.

डबा आला तो दिवस

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि आमच्या मालेगावातील पेढीचा हिशेब चोपडीतून संगणकात गेला. २०१९ मध्ये पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही एक काळा डबा घेतला. दोन जाड चोपड्या एकावर एक ठेवाव्यात एवढाच तो. आत प्रत्येकी ४ टेराबाइटच्या चार हार्ड डिस्क. याला ‘नॅस’ म्हणतात. दुकानातल्या संगणकावरील हिशेबाची नक्कल रोज रात्री आपोआप त्यात जाते. चारपैकी एक डिस्क मेली तरी उरलेल्या तीन डिस्क काम चालवतात, असे आम्हाला सांगण्यात आले आणि ते खरेही होते. आम्ही निर्धास्त झालो.

आमच्याकडून सूत व बीम घेऊन मजुरीवर कापड विणणारे ४३ छोटे यंत्रमागवाले आहेत. ताके जमा झाले की मुनीमजी चिठ्ठी फाडतात : किती ताके, किती मीटर, काय भाव, किती मजुरी. एक प्रत विणकराकडे, एक आमच्याकडे. डबा आल्यावर आम्ही आमच्या प्रतीचा फोटो काढून त्यात ठेवू लागलो आणि कागद रद्दीत देऊ लागलो. काठ-पदराची जुनी डिझाइनेही तेथेच ठेवली. संगणक मंद चालतो म्हणून पुतण्याने ती संगणकावरून पुसून टाकली. ‘चाचा, बॅकअपमध्ये आहेत ना,’ तो म्हणाला. आम्हालाही ते पटले.

येथेच पहिली चूक झाली. हिशेबाची चालू फाइल दोन ठिकाणी होती, परंतु चिठ्ठ्या आणि डिझाइने फक्त डब्यात होती. ज्या वस्तूची दुसरी प्रत नाही, तिला बॅकअप म्हणता येत नाही; ती मूळ वस्तूच असते. आम्ही मूळ दस्तऐवज एका डब्यात ठेवून त्यावर ‘बॅकअप’ अशी चिठ्ठी चिकटवली होती, एवढेच.

तीन वेळा वीज गेली

मृगाचा पहिला जोराचा पाऊस आला त्या संध्याकाळी पाऊण तासात वीज तीन वेळा गेली आणि आली. डबा यूपीएसवर होता, पण यूपीएसची बॅटरी डब्याएवढीच जुनी होती आणि ती कधीच बसली होती. दिवा हिरवा दिसत होता म्हणून कोणी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डब्यावरचा दिवा पिवळा होता. पडद्यावर संदेश होता : फाइल सिस्टिममध्ये चुका आढळल्या आहेत, तपासून दुरुस्त करायचे का?

पुतण्याने एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने डबा न पाहताच सांगितले, ‘हो म्हणा, आपोआप होईल.’ आम्ही हो म्हटले. काम सुरू झाले. दुपारपर्यंत आकडा ११ टक्क्यांवर अडकला. बाहेर ग्राहक, आत चिठ्ठ्यांची मागणी. चार वाजता आमचा धीर सुटला आणि आमच्याच सांगण्यावरून पुतण्याने बटण दाबून धरून डबा बंद केला. पुन्हा सुरू केला तेव्हा जागाच दिसेना. रिकामा डबा.

या एका दिवसात आम्ही किती चुका केल्या, हे समजायला आम्हाला पुढचे तीन आठवडे लागले. त्या समजून घेण्यासाठी डब्याच्या आत काय असते, ते आधी पाहू.

डिस्क हे गोदाम, फाइल सिस्टिम ही त्याची वही

डिस्क म्हणजे मोठे गोदाम समजा. त्यात लाखो छोटे खण असतात. एक फाइल म्हणजे एक गाठ. पण तिचे ताके एकाच खणात नसतात, वेगवेगळ्या खणांत विखुरलेले असतात. कोणत्या गाठीचे ताके कोणत्या खणांत आहेत, हे लिहून ठेवणारी वही म्हणजे फाइल सिस्टिम. प्रत्येक गाठीची एक नोंदचिठ्ठी असते, तिला ‘आयनोड’ म्हणतात. कोणते खण रिकामे, कोणते भरलेले, याची एक यादी असते. फोल्डर म्हणजे नावांची सूची. आणि पहिल्या पानावर गोदामाची मोजमापे लिहिलेली असतात, त्याला ‘सुपरब्लॉक’ म्हणतात. हे पहिले पान इतके महत्त्वाचे आहे की त्याच्या नकला गोदामात आणखी काही ठिकाणी ठरलेल्या अंतरावर ठेवलेल्या असतात.

अशा अनेक डब्यांत लिनक्स चालते आणि वही ‘ईएक्सटी-४’ या पद्धतीची असते. तिची आजी ईएक्सटी-२ ही १९९३ मध्ये आली, ईएक्सटी-३ ही २००१ मध्ये आणि ईएक्सटी-४ ही २००८ मध्ये.

आजीकडे नव्हती अशी एक सोय ईएक्सटी-३ मध्ये आली. तिचे नाव ‘जर्नल’. हिशेब जाणणाऱ्या बांधवांना हा शब्द नवा नाही. जर्नल म्हणजे रोजकीर्द. आपण व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहितो, नंतर खतावणीत चढवतो. मधेच मुनीमजी आजारी पडले, तरी दुसरा माणूस रोजकीर्द वाचून राहिलेल्या नोंदी चढवू शकतो. संगणकही तेच करतो. वीज गेली आणि परत आली की तो आधी रोजकीर्द वाचतो आणि अर्धवट राहिलेल्या नोंदी पुऱ्या करतो. म्हणूनच आज प्रत्येक वेळी वीज गेली की सारे बिघडते असे होत नाही.

परंतु दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ही रोजकीर्द साधारणपणे वहीच्या नोंदींची असते, मालाची नव्हे. म्हणजे वही जुळेल, पण वीज जाताना जो माल खणात पोहोचलाच नव्हता, तो जर्नल आणून देणार नाही. आणि खुद्द डिस्कचा खण किडला असेल, तर रोजकीर्द काहीच करू शकत नाही.

दुरुस्ती म्हणजे नक्की काय होते

ही वही तपासणाऱ्या प्रोग्रॅमचे नाव ‘एफएससीके’. तो १९७० च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅब्समध्ये टेड कोवाल्स्की यांनी लिहिला. त्याआधी हेच काम वेगवेगळ्या छोट्या प्रोग्रॅमांनी करावे लागे. पुढे बर्कली विद्यापीठातील मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी तो वाढवला. ईएक्सटी कुटुंबासाठी जो प्रोग्रॅम आहे त्याला ‘ई-टू-एफएससीके’ म्हणतात. डब्याच्या पडद्यावर सुंदर बटण असले, तरी ईएक्सटी-४ च्या डब्यात आत बहुधा हाच राबत असतो.

तो पाच फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत प्रत्येक गाठीची नोंदचिठ्ठी पाहतो : तीत लिहिलेले खण गोदामात आहेत का, आणि एकाच खणावर दोन गाठी तर हक्क सांगत नाहीत ना? दुसऱ्या फेरीत फोल्डरांच्या सूची वाचतो : सूचीत नाव आहे पण चिठ्ठीच नाही, असे आहे का? तिसऱ्या फेरीत प्रत्येक फोल्डर मुख्य दरवाजापर्यंत जोडलेले आहे का, ते पाहतो. चौथ्या फेरीत एका गाठीचा उल्लेख किती ठिकाणी आहे, ती संख्या जुळवतो. पाचव्या फेरीत रिकाम्या-भरलेल्या खणांची यादी प्रत्यक्षाशी ताडतो.

ज्या गाठीची चिठ्ठी सापडते पण नाव कोणत्याच सूचीत नसते, ती तो ‘लॉस्ट प्लस फाउंड’ नावाच्या फोल्डरात नेऊन ठेवतो. तिला नाव मिळत नाही, फक्त क्रमांक मिळतो. बेवारस सामानाची खोली समजा.

आता मुख्य गोष्ट. हा प्रोग्रॅम वही जुळवतो. माल परत आणणे हे त्याचे काम नाही. दोन नोंदी एकमेकींशी भांडत असतील, तर वही जुळावी म्हणून तो एखादी नोंद खोडूनही टाकतो. गोदामात शंभर गाठी आणि वहीत एकशे दहा असतील, तर वही शंभरावर आणणे हे त्याच्या दृष्टीने यश आहे. त्या दहा गाठी कोठे गेल्या, हा प्रश्न त्याचा नाही. तो आपला आहे. म्हणून ‘दुरुस्त झाले’ हा संदेश वाचून पेढे वाटू नयेत.

आमच्या चुका, एकेक करून

नाशिकहून एक वयस्क जाणकार आले. त्यांनी प्रथम आम्हाला डब्याला हात लावू नका म्हणून बजावले. चारही डिस्क काढून त्यांवर एक, दोन, तीन, चार असे क्रमांक टाकले. क्रम बिघडला तर पुढे जुळवणी अवघड होते. मग प्रत्येक डिस्कची आरोग्य-नोंद वाचली. या नोंदीला ‘स्मार्ट’ म्हणतात; डिस्क ती स्वतःच ठेवते. तीन डिस्क ठीक होत्या. तिसऱ्या क्रमांकाच्या डिस्कमध्ये वाचता न येणाऱ्या खणांची संख्या शेकड्यांत होती. ११ टक्क्यांवर गाडी अडकली होती ती त्यामुळे. दुरुस्तीचा प्रोग्रॅम झोपला नव्हता, तो किडलेले खण पुन्हा पुन्हा वाचण्याचा प्रयत्न करीत होता. आणि अशा वेळी, तो वहीची पाने लिहीत असताना, आम्ही त्याची वीज काढली.

पहिली चूक म्हणजे डिस्क आजारी आहे की नाही हे न पाहता वही दुरुस्त करायला बसणे. किडलेल्या कागदावर खाडाखोड केली की कागदच फाटतो.

दुसरी चूक, नक्कल न काढता मूळ डिस्कवर दुरुस्ती चालवणे. त्या जाणकारांनी ‘डीडीरेस्क्यू’ नावाच्या प्रोग्रॅमने चारही डिस्कच्या हुबेहूब नकला नव्या डिस्कवर काढल्या. हा प्रोग्रॅम आधी चांगले खण भराभर वाचून घेतो, किडलेल्या भागाकडे शेवटी वळतो आणि काय वाचले, काय राहिले याची नोंद ठेवतो. चांगल्या डिस्कला प्रत्येकी आठ-दहा तास लागले, आजारी डिस्कला दोन दिवस. मूळ डिस्क त्यांनी कागदात गुंडाळून आमच्या तिजोरीत ठेवल्या. ‘सेठ, आता चुकलो तरी पुन्हा चुकायला जागा आहे,’ ते म्हणाले.

तिसरी चूक, आधी नुसते न पाहणे. ई-टू-एफएससीकेला ‘एन’ असा पर्याय आहे. तो दिला की प्रोग्रॅम सारे तपासतो, चुका सांगतो, पण एक अक्षरही लिहीत नाही. त्या यादीवरून कळते की जखम खरचटण्याएवढी आहे की हाड मोडले आहे. ‘वाय’ हा पर्याय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला डोळे मिटून हो. आमच्या डब्याच्या बटणाने तेच केले असावे. आमच्या बाबतीत पहिले पानच खराब झाले होते, म्हणून जाणकारांनी ३२७६८ व्या खणात ठेवलेली पहिल्या पानाची नक्कल वापरली. त्यामुळे रिकामा दिसणारा डबा पुन्हा वाचता येऊ लागला.

चौथी चूक, धीर सोडणे. मोठ्या डब्यात लाखो फाइली आणि मेमरी थोडी असेल, तर ही तपासणी तासन् तास, कधी दिवसभरही चालते. आकडा हलत नाही म्हणून वीज काढू नये. दुकान बंद करून, शनिवारी रात्री सुरू करून सोमवारपर्यंत वेळ देता येईल, तेव्हाच ती हाती घ्यावी.

पाचवी चूक आमची झाली नाही, परंतु अनेकांची होते, म्हणून लिहितो. डबा वापरात असताना, म्हणजे लोक त्यात फाइली लिहीत-वाचत असताना, दुरुस्ती कधीही चालवू नये. गोदामात हमाल माल आत-बाहेर करीत असताना मोजणी करून वही बदलली, तर चांगली वहीही बिघडते.

सर्व डबे एकाच जातीचे नसतात, हेही सांगितले पाहिजे. काही डब्यांत ‘बीटीआरएफएस’ पद्धत असते. तीत ‘स्क्रब’ नावाची तपासणी आहे. ती प्रत्येक खणाचा माल त्याच्या शिक्क्याशी ताडते आणि दुसरी चांगली प्रत असेल तर तीवरून खराब प्रत सुधारते. परंतु तिच्या ‘चेक रिपेअर’ या आज्ञेविषयी तर बनवणारेच ताकीद देतात की जाणकाराच्या सल्ल्याशिवाय ती चालवू नका. ‘झेडएफएस’ पद्धतीत एफएससीके नाहीच, तेथेही स्क्रबच करतात. ‘एक्सएफएस’ साठी ‘एक्सएफएस रिपेअर’ हा वेगळा प्रोग्रॅम आहे आणि त्यातला ‘एल’ पर्याय रोजकीर्दच पुसून टाकतो. तो शेवटचा उपाय. म्हणून आपल्या डब्यात कोणती पद्धत आहे, हे आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे. एका रोगाचे औषध दुसऱ्या रोग्याला देऊ नये.

एका चिठ्ठीची गोष्ट

तीन आठवड्यांनी हिशेब हाती आला. बहुतेक फोल्डर नावांसह परत आले. सहा हजारांच्या आसपास फाइली बेवारस खोलीत क्रमांक लावून पडल्या होत्या. काही डिझाइनांची नावे शाबूत होती, पण उघडल्यावर आत काहीच नव्हते. वही जुळली, माल गेला. अशी २०० हून अधिक डिझाइने आम्ही कायमची गमावली. ती पुन्हा काढायला कारागिराची मजुरी द्यावी लागली, ती वेगळीच.

परंतु आम्हाला अधिक बोचली ती दुसरी गोष्ट. डबा बंद असतानाच एक वृद्ध विणकर आमच्याकडे आले. २०२१ च्या हिवाळ्यातील मजुरीची ३८,४०० रुपये बाकी आहे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्याकडची चिठ्ठी छत गळून पाण्यात गेली होती. आमच्या खतावणीत बाकी निघत होती २१,६०० रुपये. आम्ही तेवढे दिले. ते म्हणाले, ‘सेठ, तुमच्याकडे लिहिलेले असेल. पाहा. मी घाई करीत नाही.’

आम्ही त्यांना काय सांगणार होतो? लिहिलेले होते, पण ज्यात होते तो डबा टेबलावर उघडा पडला होता. शिवाय खरे सांगायचे तर मनात शंकाही आली की बडे मियाँ विसरत असतील.

बेवारस खोलीतल्या फाइली कोणत्या जातीच्या, हे त्यांच्या सुरुवातीच्या काही अक्षरांवरून ओळखता येते आणि फोटो कोणत्या तारखेला काढला ते बहुधा फोटोतच लिहिलेले असते. पुतण्याने त्या आधारे फोटो तारखेप्रमाणे लावले. चौथ्या दिवशी रात्री त्याने आम्हाला हाक मारली. डिसेंबर २०२१ ची चिठ्ठी, मुनीमजींची सही, मजुरी १६,८०० रुपये. दुसऱ्या खेपेची ही नोंद मुनीमजींनी खतावणीत चढवलीच नव्हती. २१,६०० आणि १६,८०० मिळून बरोबर ३८,४००.

सकाळी आम्ही स्वतः त्यांच्या घरी गेलो, पैसे दिले आणि माफी मागितली. ते फक्त म्हणाले, ‘मला वाटलेच होते, कोठेतरी असेल.’ तो फोटो किडलेल्या खणांत पडला असता, तर आम्ही आयुष्यभर त्यांचे देणे लागत राहिलो असतो आणि आम्हाला ते कळलेही नसते.

व्यापारी बांधवांनी याचा विचार करावा. आपल्या दप्तरात केवळ आपला हिशेब नसतो. ज्यांच्याकडे कागद टिकत नाही अशा माणसांचा हक्कही त्यात लिहिलेला असतो. ती अमानत आहे. आणि कायद्याच्या दृष्टीनेही पाहायचे तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब व दस्तऐवज त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. म्हणजे २०२३-२४ च्या पहिल्या बिलाला जवळपास पावणेआठ वर्षे सांभाळणे आले. इतक्या काळात एखादी तरी डिस्क दगा देणार, हे धरूनच चालावे.

मोठ्यांचेही असेच होते

कोणी म्हणेल, हे लहान दुकानदारांचे दुखणे. तसे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या संगणक क्षेत्रातील नामांकित कंपनीत एका इंजिनियरने रात्री काम करताना चुकून चालू डेटाबेसच पुसला. बॅकअप पाहायला गेले तर रोजचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता; आवृत्ती जुळत नसल्याने तो अयशस्वी होत होता आणि तशी सूचना देणारे ई-मेल कोणापर्यंत पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक नक्कल सापडली, म्हणून ते वाचले. कंपनीने ही चूक लपवली नाही, सविस्तर प्रसिद्ध केली; त्यामुळेच आपल्याला ती शिकता येते. धडा एकच : जो बॅकअप कधी उघडून पाहिला नाही, तो बॅकअप आहे की नाही हे कोणालाच ठाऊक नसते.

आता आम्ही काय करतो

आमच्या पेढीत आता पुढील रिवाज आहे. तो फुकट किंवा थोड्या खर्चात कोणालाही पाळता येईल.

एक : प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुकानाबाहेर. एक संगणकावर, एक डब्यात, एक सुट्या डिस्कवर. ही डिस्क दर आठवड्याला घरी जाते आणि एरवी कशालाही जोडलेली नसते. डब्यातल्या चार डिस्क मिळून एकच प्रत धरायची. एक डिस्क मेली तर ती रचना वाचवते. पण चुकून पुसले, वही बिघडली, डबा चोरीला गेला किंवा पाण्यात बुडाला, तर चारही डिस्क एकदमच जातात.

दोन : यूपीएसला डब्याशी तारेने जोडले आहे. बॅटरी संपत आली की डबा स्वतःच नीट बंद होतो. ही तार बहुतेक दुकानांत खोक्यातच पडून असते. बॅटरी कधी बसवली ती तारीख यूपीएसवरच चिकटवली आहे आणि दर तीन महिन्यांनी भिंतीवरचे बटण बंद करून ती किती मिनिटे टिकते ते पाहतो.

तीन : महिन्यातून एकदा डिस्कची आरोग्य-नोंद. वाचता न येणारे खण वाढू लागले की डिस्क बदलायची, मरण्याची वाट पाहायची नाही. जेथे स्क्रबची सोय आहे तेथे तीही ठरलेल्या दिवशी. काही गडबड झाली तर डब्याला सूचना पाठवायला सांगितले आहे, आणि ती सूचना खरोखर येते का हेही एकदा मुद्दाम तपासले आहे.

चार : दर महिन्याला डब्यातून एखादी जुनी फाइल उघडून पाहतो, आणि वर्षातून एकदा, ३१ मार्चच्या गडबडीच्या आधी, संपूर्ण हिशेब दुसऱ्या संगणकावर परत बसवून पाहतो. खतावणीची बाकी मूळ हिशेबाशी जुळली तरच बॅकअप पास.

पाच : डब्याजवळ भिंतीवर एक कागद लावला आहे. त्यावर लिहिले आहे : पिवळा किंवा लाल दिवा दिसला तर कोणीही ‘हो’ दाबू नये. संदेशाचा फोटो काढावा. डब्यात लिहिणे थांबवावे. वाचता येत असेल तर महत्त्वाचे आधी बाहेर काढावे. मग डिस्कची प्रकृती, मग डिस्कची नक्कल, मग नुसती तपासणी, आणि सर्वांत शेवटी दुरुस्ती, तीही नकलेवर. खाली आमची सही आहे, म्हणजे घाई झाली तरी कोणी आमचे नाव सांगून हा क्रम मोडणार नाही. आम्हीसुद्धा नाही.

आणि सहावी गोष्ट, जी संगणकाची नाही. मजुरीच्या चिठ्ठीचा कागद आम्ही पुन्हा जपू लागलो आहोत. फोटोही काढतो, कागदही ठेवतो.

ज्या बांधवांकडे असा डबा आहे, त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर एवढेच करावे : मागच्या वर्षीचे एक बिल त्यातून उघडून पाहावे. उघडले तर ठीकच आहे. नाही उघडले, तर निदान आज कळले असे समजावे. आम्हाला कळले तेव्हा दारात विणकर उभा होता.